तरतूद आहे, निधी नाही

राज्याच्या अर्थसंकल्पाची पुस्तके वाचणे हा माझा व्यवसाय. त्यांत खर्चाचे दोन प्रकार असतात, भारित आणि दत्तमत. दत्तमत खर्चाला विधानसभेची मंजुरी लागते. भारित खर्चावर मतदानच होत नाही. घटनेच्या 202 आणि 203 या कलमांनी त्याची सोय आधीच करून ठेवली आहे. कर्जाचे व्याज आणि परतफेड भारित. नंदुरबार जिल्ह्यातल्या धडगावच्या पाड्यावरच्या गरोदर बाईची थाळी दत्तमत. काटकसरीचे दिवस आले की कात्री कुठे चालणार, हे या वर्गवारीतच ठरून जाते.

2025-26च्या अर्थसंकल्पाप्रमाणे महाराष्ट्रावरचे कर्ज 9.32 लाख कोटी रुपयांवर जाणार होते. मग लगेच दरडोई हिशेब मांडला जातो: माणशी सत्तर हजारांहून अधिक. या हिशेबात सातपुड्यात काल जन्मलेले बाळ आणि मलबार हिलचा रहिवासी सारखेच कर्जदार ठरतात. कर्जातून जे उभे राहते त्याची वाटणी मात्र कोणी माणशी करत नाही. 2011च्या जनगणनेत नंदुरबारची साक्षरता 64 टक्के, राज्यात सर्वांत कमी. 1998 साली धुळ्यातून वेगळा झालेला, जवळपास सत्तर टक्के आदिवासी लोकसंख्येचा हा जिल्हा कर्जात बरोबरीचा भागीदार आहे आणि लाभात शेवटचा.

आणखी एक गोष्ट. राज्याच्या सकल उत्पन्नाच्या तुलनेत हे कर्ज 19 टक्क्यांच्या आसपास होते; 25 टक्क्यांची मर्यादा बरीच लांब होती. म्हणजे राज्याचे दिवाळे निघालेले नाही. कोणाला आधी द्यायचे आणि कोणाला थांबवायचे, एवढाच प्रश्न आहे.

थांबवण्याची पद्धत साधी आहे. कपात क्वचितच जाहीर होते. कोरोनाच्या वर्षी, 4 मे 2020 रोजी, वित्त विभागाने तरतुदीच्या 33 टक्केच निधी मिळेल असा शासन निर्णय काढला, तो अपवाद. एरवी पुस्तकात तरतूद शाबूत असते, फक्त बीम्स या निधीवाटपाच्या संगणक प्रणालीवर निधी येत नाही. कार्यालयात विचारा, ‘ग्रँट आली का?’ उत्तर ठरलेले: ‘तरतूद आहे, निधी नाही.’

या न आलेल्या निधीचा दुसरा हिशेब मी अक्राणी, म्हणजे धडगाव, तालुक्यातल्या एका अंगणवाडीत पाहिला. आदिवासी भागातल्या गरोदर आणि स्तनदा मातांना एक वेळचे ताजे जेवण देणारी अमृत आहार योजना 2015च्या अखेरीस सुरू झाली. थाळीचा दर आधी 25 रुपये होता, पुढे 35 झाला. सेविकाताईंनी किराणा दुकानाची उधारीची वही पुढे ठेवली. तांदूळ, तूरडाळ, तेल, गूळ, शेंगदाणे, अंडी. प्रत्येक ओळीपुढे दुकानदाराची सही. पाने उलटत गेलो तशा अंड्यांच्या ओळी विरळ झाल्या, मग शेंगदाणे गेले, शेवटी डाळ-तांदूळ तेवढे उरले. ताई म्हणाल्या, ‘सर, आता मी दिसले की दुकानदार काटाच झाकतो.’ त्या उधारीला जामीन फक्त त्यांची पत होती. राज्याच्या ताळेबंदात हा पैसा ‘वाचलेला’ दिसतो. खरे तर कर्ज कमी झालेले नसते, सरकारच्या खात्यावरून ताईंच्या नावावर आलेले असते.

मग जबाबदार कोण? 2015 साली चौदाव्या वित्त आयोगाने केंद्रीय करांतला राज्यांचा वाटा 32वरून 42 टक्के केला. त्याच वर्षी केंद्राने अंगणवाड्या चालवणाऱ्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेची तरतूद निम्म्याहून खाली आणली. दिल्ली म्हणाली, राज्यांना जास्त दिले आहे, त्यांनी भरावे. राज्ये म्हणाली, एका हाताने दिले आणि दुसऱ्याने काढून घेतले. केंद्राच्या तेव्हाच्या महिला व बालविकास मंत्री मेनका गांधी यांनी स्वतः या कपातीवर जाहीर नाराजी व्यक्त केली. पुढे पुरवणी मागण्यांतून बरीच भर पडली. पण पुरवणी मागणीने मिळतो तो पैसा. पोटातल्या बाळाचा गेलेला महिना मिळत नाही.

मे 2025मध्ये आदिवासी विकास विभागाचे 335 कोटी 70 लाख रुपये महिलांना दरमहा थेट पैसे देणाऱ्या लाडकी बहीण योजनेकडे वळवल्याचे समोर आले. लाभार्थ्यांत आदिवासी बहिणीही आहेत, हा सरकारचा बचाव. तो खोटा नाही. दीड हजार रुपये पाड्यावर पोचतात आणि त्यांचा आधार होतो. पण दीड हजारात पाड्याला रस्ता होत नाही, उपकेंद्रात परिचारिका येत नाही. जे एकटीला विकत घेता येत नाही, त्यासाठीच तर सरकार कर्ज काढते.

सरकार हात आखडते तेव्हा दुसरा सावकार तयारच असतो. दिवाळी सरली की नंदुरबारमधली कुटुंबे मुकादमाची उचल घेऊन गुजरातेत ऊसतोडीला जातात. खानदेशातून बारडोलीच्या उसात जाणाऱ्या या मजुरांवर डच समाजशास्त्रज्ञ यान ब्रेमान यांनी 1970च्या दशकातच लिहून ठेवले आहे. उचल फेडता फेडता हंगाम सरतो. गाव सोडले की अंगणवाडीची थाळीही सुटते.

वेळेवर केलेला खर्च काय करतो, तेही याच जिल्ह्याने दाखवले. जिल्हाधिकारी डॉ. राजेंद्र भारुड यांच्या काळात, 2020 साली, पहिली लाट ओसरत असतानाच इथे ऑक्सिजन प्रकल्प उभा राहिला. 2021च्या दुसऱ्या लाटेत मोठमोठी शहरे ऑक्सिजनसाठी धावाधाव करत होती, तेव्हा नंदुरबारकडे स्वतःचा साठा होता. तो खर्च वर्षभर लांबवला असता, तर कागदावर तीही काटकसरच ठरली असती.

आदिवासी निधी वळवू नये म्हणून आंध्र प्रदेश आणि कर्नाटकाने 2013 साली कायदे केले. कर्नाटकात पुढे हाच निधी निवडणुकीत जाहीर केलेल्या हमी योजनांना लावल्यावरून वाद झाला. म्हणजे कायद्यालाही पळवाट असते. म्हणून माझी मागणी छोटी आहे. सावकाराच्या हप्त्याला तारीख असते आणि ती चुकली की राज्याची पत जाते. पोषणाच्या हप्त्यालाही तशीच तारीख द्या. अर्थसंकल्पात रकमेशेजारी ती छापा, आणि चुकली तर कोणत्या विभागाने व का चुकवली, याचे निवेदन विधानसभेपुढे ठेवणे बंधनकारक करा. कर्ज फेडलेच पाहिजे. पण फेडीच्या रांगेत ताईंच्या वहीचा नंबर कितवा, हे ज्यांनी ठरवले त्यांची नावे लोकांना कळली पाहिजेत.