एक वेढा

मोटारगाडीचे सस्पेन्शन, म्हणजे चाके आणि गाडीचे धूड यांच्यामधली स्प्रिंग, शॉकअप, लोअर आर्म आणि रबरी बुश यांची जोडणी, एकाच वेळी दोन धन्यांची चाकरी करते. खड्ड्याचा धक्का आतल्या माणसांपर्यंत पोचू न देणे हे तिचे एक काम आणि टायरला रस्ता सोडू न देणे हे दुसरे. पहिल्यासाठी स्प्रिंग मऊ लागते, तर वळणावर गाडी कलू नये यासाठी ती कडक असलेली बरी. लहान आणि स्वस्त गाडीत कारखाना सहसा पहिल्या धन्याची बाजू घेतो, कारण गिऱ्हाईक गाडीची परीक्षा घाटात नव्हे तर घराजवळच्या पहिल्या गतिरोधकावर करते. ही वाटणी ज्यांना मान्य नसते ते स्प्रिंगा बदलू पाहतात. अशाच एका बदलाचा आणि त्यात झालेल्या फसवणुकीचा हा वृत्तान्त आहे. ती उघडकीस येऊन बरीच वर्षे लोटली तरी तिचा सल गेलेला नाही, आणि तो सल नेमका कशाचा आहे हे प्रस्तुत लेखकाला, म्हणजे त्या गाडीच्या मालकाला, अजूनही धडपणे सांगता येत नाही.

गाडी पहिल्या पिढीची मारुती स्विफ्ट, पेट्रोलवरची, सेकंडहँड घेतलेली. हे मॉडेल भारतात २००५ साली आले; पुढच्या आणि मागच्या चाकांमधले अंतर २,३९० मिलिमीटर, पोटाची जमिनीपासूनची उंची १७० मिलिमीटर. पुढे मॅकफर्सन स्ट्रट, म्हणजे स्प्रिंग आणि शॉकअप एकाच उभ्या खांबात बसवण्याची पद्धत. अमेरिकन अभियंता अर्ल मॅकफर्सन याच्या नावाने ती ओळखली जाते, ब्रिटनमधल्या फोर्डच्या कॉन्सल आणि झेफायर या गाड्यांतून १९५० च्या सुमारास ती रुळली, आणि आज जवळपास प्रत्येक लहान गाडीचा पुढचा भाग तिच्यावरच उभा असतो. मागे टॉर्शन बीम, म्हणजे दोन्ही मागच्या चाकांना जोडणारा आणि थोडा पिळला जाऊ शकणारा आडवा पोलादी दांडा. दर पंधरवड्याला पुणे ते माणगाव असा ताम्हिणीमार्गे प्रवास ठरलेला होता. मुळशीनंतरच्या वळणांवर गाडी अंग टाकते अशी मालकाची तक्रार होती, आणि ती खरीही होती.

स्प्रिंगचा कडकपणा कशावर ठरतो, हे येथे सांगणे आवश्यक आहे, कारण पुढचा सगळा तंटा त्यावरच उभा आहे. गुंडाळलेल्या स्प्रिंगचा कडकपणा तारेच्या जाडीच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात वाढतो. म्हणजे बाकी सारे तेच ठेवून १२ मिलिमीटरची तार १३ मिलिमीटरची केली, तर एका मिलिमीटरने स्प्रिंग सुमारे ३८ टक्के कडक होते. उलट वेढ्यांची संख्या वाढली की कडकपणा त्याच प्रमाणात घटतो, कारण स्प्रिंग दबते तेव्हा प्रत्यक्षात तार पिळली जात असते, आणि तार जितकी लांब तितका पीळ सोपा. पाच कामाच्या वेढ्यांपैकी एक काढून टाकला तर उरलेली स्प्रिंग २५ टक्के कडक होते आणि आखूडही होते. योग्य लोअरिंग स्प्रिंग बनवणारा तारेची जाडी, वेढे आणि उंची यांचा मेळ घालून गाडी २० ते ३० मिलिमीटर खाली बसवतो. घाईत असलेला मिस्त्री कटर घेतो आणि एक वेढा उडवतो. वरवर पाहता दोन्हींचा परिणाम सारखाच दिसतो. फसवणुकीची जागा नेमकी येथे आहे.

पुण्यातल्या एका गॅरेजात, ज्याचे नाव येथे देण्याचे प्रयोजन नाही, चार लोअरिंग स्प्रिंगा बसवण्याचे ठरले. बिलावर ‘लोअरिंग स्प्रिंग, ४ नग’ असे स्पष्ट लिहिलेले होते आणि पैसेही तितकेच घेतले गेले होते. जुन्या स्प्रिंगा मागितल्या तेव्हा त्या भंगारात गेल्याचे उत्तर मिळाले, आणि त्या उत्तरात काही वावगे आहे असे मालकाला त्या वेळी वाटले नाही. चाकाच्या कमानीतून लालभडक स्प्रिंगा दिसत होत्या, गाडीचे नाक तीन बोटे खाली आले होते, आणि स्टेअरिंग हलवताच पुढची बाजू पूर्वीसारखी आधी कलून मग न वळता तत्काळ वळत होती. पहिल्याच फेरीत ताम्हिणीची वळणे वेगळी भासली. त्यानंतरचे सहा महिने मालक ओळखीच्या प्रत्येकाला गाडीत बसवून फिरवत होता, आणि दोघांना तर त्याने त्याच गॅरेजचा पत्ताही दिला.

या सहा महिन्यांत विपरीत पुरावा नव्हता असे नाही. तो मागच्या आसनावर बसत असे. मालकाच्या आईला पूर्वी गाडी कधी लागली नव्हती, ती आता पौडच्या आधीच लिंबू हुंगू लागली. गाडी ‘घोड्यासारखी’ चालते, पुढून उसळते आणि मग मागून, असे तिचे म्हणणे होते, आणि मुलगा त्यावर हसत असे. वास्तविक हे निदान शास्त्राला धरून होते. मॉरिस ओली या वाहन-अभियंत्याने १९३० च्या दशकात मांडलेल्या नियमानुसार मागच्या स्प्रिंगांचे आंदोलन पुढच्यांपेक्षा किंचित जलद असावे लागते, कारण उंचवटा मागच्या चाकांना उशिरा भेटतो; ताशी ६० किलोमीटर वेगाने धावणाऱ्या स्विफ्टमध्ये हा उशीर सेकंदाच्या साधारण सातव्या हिश्शाइतका असतो. मागची बाजू थोडी घाई करून पुढच्या बाजूला गाठते, मग दोन्ही एकत्र वरखाली होतात आणि गाडी सपाट राहते. पुढची बाजूच अधिक जलद झाली तर दोघींची गाठ पडत नाही आणि गाडी झुलू लागते. ज्या बाईला ओली ठाऊक नव्हता तिने त्याचा नियम मोडल्याचे पोटाने ओळखले, आणि ज्याने याविषयी चार पुस्तके वाचली होती त्याला ते कळले नाही.

टायरची आतली कड झिजलेली दिसली म्हणून गाडी दुसऱ्याच एका ठिकाणी अलाइनमेंटला नेली तेव्हा हा प्रकार उघडकीस आला. लिफ्टवर चढवल्यावर चाके लोंबकळली, आणि कामगाराने सवयीने पुढची स्प्रिंग हाताने हलवली तर ती आपल्या बैठकीत खुळखुळली. पुऱ्या लांबीची स्प्रिंग चाक मोकळे सोडल्यावरही थोडी दाबाखाली राहते. जी खुळखुळते ती आखूड केलेली असते. टॉर्च मारून पाहता खालचे टोक चौकोनी कापलेले दिसले, लाल रंगाखाली जुना काळा रंग पोपडे धरत होता, आणि मागच्या दोन स्प्रिंगांना तर रंगापलीकडे कशाचाच स्पर्श झालेला नव्हता. म्हणजे चार नगांपैकी दोन कापलेले मूळचे आणि दोन निव्वळ रंगवलेले मूळचे होते. कारखान्यातली स्प्रिंग कठीण करून, मग पाण उतरवून, वर बारीक छर्‍यांचा मारा करून चिवट केलेली असते. गॅसने कापले तर टोकाजवळचे हे सारे संस्कार पुसले जातात. कटरने कापले तर तितके नुकसान होत नाही, पण कापलेले टोक बैठकीच्या चढत्या खाचेत नीट बसत नाही आणि स्टेअरिंग फिरवताना टकटक आवाज येतो. तो आवाजही सहा महिने येत होता आणि मालकाने तो ‘स्पोर्टी’ सस्पेन्शनचा गुण मानला होता.

याहून मोठा विनोद गतिशास्त्राचा आहे. वळणावर वजन आतल्या चाकांवरून बाहेरच्या चाकांवर सरकते, आणि टायरची पकड भाराच्या प्रमाणात वाढत नाही, ती मागे पडत जाते. त्यामुळे ज्या जोडीवर हे सरकणे अधिक होते त्या जोडीची एकूण पकड घटते. फक्त पुढच्या स्प्रिंगा कडक केल्या की सरकणाऱ्या वजनाचा मोठा वाटा पुढची जोडी घेते. पुढच्या चाकांनी ओढली जाणारी गाडी मुळातच नाकाने बाहेर सरकते, म्हणजे स्टेअरिंग जितके वळवावे त्याहून कमी वळते, आणि यालाच अंडरस्टीअर म्हणतात. तो दोष येथे पैसे देऊन वाढवला गेला होता. शिवाय स्ट्रट असलेली गाडी खाली बसवली की लोअर आर्मचे चाकाकडचे टोक वर उचलले जाते आणि कलनकेंद्र, म्हणजे ज्या काल्पनिक बिंदूभोवती गाडीचे धूड वळणावर कलते तो बिंदू, गाडीच्या गुरुत्वमध्यापेक्षाही अधिक खाली जातो. त्यामुळे धुडाला कलवणारी तरफ लांब होते आणि कडक स्प्रिंगने मिळवलेल्यातला काही भाग परत जातो. जुने शॉकअप तर मऊ स्प्रिंगच्या मापाचे होते, त्यांना ही नवी उसळी आवरेना. त्या पावसाळ्यात ताम्हिणीत एका ओल्या वळणावर नाक सरळ दरीच्या कठड्याकडे निघाले होते. मालकाने तो दोष टायरच्या माथी मारला.

बिल, फोटो आणि एक खुळखुळणारी स्प्रिंग घेऊन मालक त्या गॅरेजात गेला. चालकाने नाकारले नाही, माफीही मागितली नाही. त्याने एवढेच विचारले, “साहेब, गाडी तुम्हाला आवडली होती ना? फरक जाणवला ना?” या प्रश्नाला उत्तर नव्हते, कारण त्याच गॅरेजात उभे राहून मालकाने कधीकाळी हात हलवून हलवून वळणांचे वर्णन केले होते आणि हे त्या माणसाच्या चांगले लक्षात होते. पैशांचा विषय निघताच त्याने मजुरीचा हिशेब मांडायला घेतला, की स्प्रिंग काढणे, कापणे, रंगवणे, पुन्हा बसवणे, यालाही दिवस लागतोच. न दिलेल्या वस्तूचे पैसे घेणे आणि केलेल्या कष्टाचे पैसे घेणे यांतला भेद त्याला कळत नव्हता, की कळूनही तो न कळल्याचे सोंग आणत होता, हे आजतागायत ठरवता आलेले नाही. ज्यांना पत्ता दिला होता त्या दोघांना मात्र फोन करावा लागला, आणि त्यांतल्या एकाने आपली गाडी झकास चालते आहे असे सांगून विषय बंद केला.

तक्रार ग्राहक आयोगाकडे नेण्याचा विचार झाला आणि बारगळला. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या ५२व्या कलमाने नोंदणी-पुस्तकातल्या तपशिलाशी विसंगत फेरफार करण्यास मनाई केलेली आहे, आणि स्प्रिंग बदलल्याने ते कलम लागू होते की नाही यावर दोन वकिलांची तीन मते पडली. फसवला गेलेला माणूस आधी आपलीच गाडी निर्दोष आहे हे सिद्ध करत बसणार, असा एकूण रंग दिसला.

गाडी खाली बसल्याने सोसायटीच्या गतिरोधकांवर पोट घासत असे आणि त्याचा दोषही लोअरिंगवर येई. तो मात्र अन्यायाचा होता. भारतीय रस्ते काँग्रेसच्या १९८८ च्या मार्गदर्शक पुस्तिकेप्रमाणे गोल गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच असावा लागे, म्हणजे त्याची कमान १७ मीटर त्रिज्येची होई. अशा कमानीवर २.३९ मीटर अंतराची चाके उभी राहिली तर मधला फुगवटा जेमतेम ४२ मिलिमीटर भरतो, आणि १४० मिलिमीटर उंचीचे पोट त्याला लागण्याचे कारण नाही. पोट लागते ते चेअरमनसाहेबांनी उरलेल्या डांबरातून रात्रीत उभारलेल्या वरवंट्याला.

पुढे दुसऱ्या गॅरेजात, समोर उभे राहून, चारही नव्या स्प्रिंगा, त्यांच्या जोडीचे शॉकअप, लोअर आर्मचे बुश आणि स्ट्रट माउंट बसवून घेतले. गाडी अवघी २० मिलिमीटर खाली आली. कोणी सल्ला विचारलाच तर तो असा की आधी चांगले टायर आणि त्यांतली हवा पाहावी, मग झिजलेले बुश, मग अलाइनमेंट, आणि एवढे होऊनही गाडी अंग टाकत असेल तरच स्प्रिंगला हात लावावा. आणि जुने भाग, भंगार असले तरी, घरी आणावेत. बहुतेकांची तक्रार बुशपाशीच संपते, प्रस्तुत मालकाचीही कदाचित संपली असती.

नवी जोडणी सर्व मापांनी सरस आहे. ओल्या वळणावर नाक सरकत नाही, उसळी एका दमात विरते, आणि आई माणगाव येईपर्यंत मागे झोपलेली असते. तरीही मुळशीनंतर स्टेअरिंग वळवताच पुढची बाजू ज्या तडफेने हातात येत असे, तो अनुभव पुन्हा आला नाही. गाडी आता चांगली वळते, पण वळते आहे हे पूर्वीइतके जाणवत नाही. ती तडफ खोटी होती हे वर सविस्तर सिद्ध केले आहे, आणि सिद्ध करूनही तिची आठवण येते. कापलेल्या दोन स्प्रिंगा माळ्यावर आहेत. पुरावा म्हणून ठेवल्या आहेत असे घरात सांगितले जाते, आणि तक्रार करायची नाही हे ठरल्यालाही आता बरीच वर्षे झाली.