राखून ठेवलेला डाव



कौशल्याविषयी बोलताना आपली भाषा एक साधेच क्रियापद वापरते; पण ते थोडे थांबून पाहण्याजोगे आहे. 'मला पोहता येते', 'तिला लाठी फिरवता येते', 'त्याला कानडी येते'. या वाक्यांत माणूस विद्येचा धनी नाही. विद्या येणारी आहे आणि माणूस 'मला', 'तिला', 'त्याला' होऊन तिच्या वाटेवर उभा आहे. पुस्तक वाचून होते, स्वयंपाक करून होतो. परंतु 'माझी कुस्ती शिकून झाली' असे कुणी म्हणाले, तर ऐकणाऱ्याला थोडे हसू येते. त्या हसण्यामागे काय आहे, याचा विचार मला आमच्या अभ्यासकेंद्रातील एका विद्यार्थिनीने करायला लावला.

या बाई कफ परेडच्या मच्छीमार नगरात राहतात. पहाटे ससून डॉकवर जाऊन मासळी घ्यायची, दुपारपर्यंत विकायची आणि रविवारी संपर्कसत्राला यायचे, असा त्यांचा क्रम. वस्तीत एका बाजूला होड्या आणि दुसऱ्या बाजूला कफ परेडचे उंच मनोरे. मधल्या मोकळ्या जागेत दिवसा जाळी पसरलेली असतात आणि संध्याकाळी तेथेच मुलांचा कराटेचा वर्ग भरतो. त्यांची मुलगी सहा वर्षे त्या वर्गात होती. तिला काळा पट्टा मिळाला, घरी पेढे आले आणि दुसऱ्याच दिवशी प्रशिक्षकांनी सांगितले, "आता खरे शिक्षण सुरू होते." पुढील वर्षाचे शुल्कही सांगितले.

"सर, मग इतकी वर्षं काय चाललं होतं?" बाईंनी विचारले. स्वरात राग नव्हता. हिशेब तपासणाऱ्या माणसाचा स्वर होता. त्यांच्यापुढे खरोखरच हिशेब होता. तेच पैसे मुलीच्या महाविद्यालयाच्या प्रवेशासाठी लागणार होते.

प्रशिक्षकांचे म्हणणे शब्दार्थाने बिनचूक होते, हे आधी मान्य केले पाहिजे. पट्ट्यांची आणि श्रेणींची ही व्यवस्था कराटेने ज्यूदोकडून घेतली. ज्यूदोचे प्रवर्तक जिगोरो कानो यांनी १८८२ साली तोक्योत कोडोकान ही संस्था स्थापन केली आणि शिष्यांची प्रगती 'दान' या पायऱ्यांनी मोजण्याची पद्धत रूढ केली. काळ्या पट्ट्याच्या पहिल्या पायरीला 'शोदान' म्हणतात. त्यातील 'शो' म्हणजे आरंभ. ज्याला आपण शिखर समजतो, त्याचे जपानी नावच उंबरठ्याचे आहे.

तरीही माझे समाधान झाले नाही. 'शिकणे कधीच संपत नाही' हे वाक्य फार सहज उच्चारले जाते, आणि ते उच्चारणारा बहुधा शिकवणारा असतो. आपल्या तालमींत म्हणतात की वस्ताद एक डाव राखून ठेवतो. ही कथा जुनी आहे. फारसी कवी सादी यांच्या १२५८ सालच्या 'गुलिस्तान'मध्ये ३६० डाव जाणणारा एक मल्ल आहे. तो लाडक्या शिष्याला ३५९ डाव शिकवतो. पुढे शिष्य गर्वाने त्यालाच आव्हान देतो, तेव्हा गुरू त्या उरलेल्या एका डावाने त्याला राजासमोर आपटतो. ही कथा गुरूंना प्रिय असणे स्वाभाविक आहे. मला ती आवडत नाही. ज्या शिक्षणाचा शेवट वस्तादाने लपवला आहे, ते अथांग नव्हे. केवळ अडवलेले आहे.

खरी अथांगता कशी असते, ते पतंजलींनी 'महाभाष्या'च्या आरंभीच दाखवले आहे. बृहस्पतीसारखा अध्यापक, इंद्रासारखा विद्यार्थी आणि अध्ययनाला देवांची हजार वर्षे. एकेक शब्द घेऊन पाठ चालला, तरी शब्द सरले नाहीत. येथे कुणी काही राखून ठेवलेले नाही, हे लक्षात घ्या. म्हणून पतंजली सांगतात की सामान्य नियम शिकवावेत आणि त्यांचे अपवाद शिकवावेत. पाणिनीची सूत्रे सुमारे ४,००० आहेत. ती पाठ होतात, संपतात. शोतोकान या कराटेच्या प्रचलित शैलीतील काता, म्हणजे ठरलेल्या हालचालींचे पाठ, २६ आहेत. तेही संपतात. या अर्थाने पद्धत शिकून पूर्ण होते, आणि तसे विद्यार्थ्याला स्पष्ट सांगणे हे शिक्षकाचे कर्तव्य आहे.

मग उरते काय? तेथेच पुढे पतंजली म्हणतात की विद्या चार काळांनी उपयोगी होते: आगमकाळ, स्वाध्यायकाळ, प्रवचनकाळ आणि व्यवहारकाळ. गुरूकडून घेणे, स्वतः घोटणे, दुसऱ्याला शिकवणे आणि वापरणे. यांपैकी पहिल्याच काळाला शुल्क असते. स्वाध्यायाविषयी दूरशिक्षणाच्या विद्यार्थ्यांना मी काय सांगावे? पेशवाईच्या उत्तरकाळात बाळंभटदादा देवधरांनी ज्याला पुन्हा प्रतिष्ठा दिली, तो मल्लखांब हे त्याचे उत्तम रूप. समोर प्रतिस्पर्धी नाही, तेल लावलेला लाकडी खांब आहे. तो हरत नाही, शिकवत नाही, तुमचे वजन तेवढे तुम्हांला परत देतो.

व्यवहारकाळाची गोष्ट खाशाबा जाधवांची. कोल्हापूरच्या मातीत तयार झालेला हा मल्ल १९४८ साली लंडनच्या ऑलिंपिकमध्ये गादीवर उतरला आणि सहावा आला. पायांखालची माती गेली होती, नियम निराळे होते. जे येत होते, तेच पुन्हा यावे लागले. चार वर्षांनी हेलसिंकीत त्यांनी कांस्यपदक मिळवले. मातीतील त्यांचे शिक्षण अपुरे राहिले होते, असे कोणता वस्ताद म्हणेल? डाव मोजता येतात. समोर कोण उभा राहील आणि कोणत्या जमिनीवर, हे मोजता येत नाही.

मी बाईंना सांगितले की मुलीचा आगमकाळ पूर्ण झाला आहे, शुल्क थांबवले तरी विद्येचा अपमान होणार नाही. पैसे प्रवेशासाठी ठेवावेत. घरच्या गच्चीवर सराव मात्र चालू ठेवावा, आणि वस्तीतील लहान मुलींना पहिल्या काही हालचाली शिकवाव्यात. आपला पाय कुठे चुकीचा पडत होता, ते दुसऱ्याचा पाय सरळ करताना दिसते. व्याकरण शिकवताना मला हा अनुभव दरवर्षी येतो.

चौथ्या काळाविषयी मात्र मी बोललो नाही. भाषा आपण शिकतो ती बोलण्यासाठी. स्वसंरक्षण शिकतो ते वापरावे लागू नये म्हणून. ही माउली पहाटेच्या अंधारात टोपली घेऊन डॉककडे जाते, तेव्हा मुलगी घरी एकटी असते. तो चौथा काळ मुलीच्या वाट्याला कधीच येऊ नये, एवढ्यासाठीच तिने सहा वर्षे शुल्क भरले होते.