यंत्राचा शेरा आणि आजीचा कागद

इतिहासाचे निबंध लिहवून घेण्याचें काम आमच्याकडे बरींच वर्षें आहे. एका वर्गांत साठ मुलें. त्यांच्या वह्यांचा गठ्ठा घरीं आणावा, रात्रीं तपासावा व सकाळीं परत न्यावा, असा क्रम. पहिल्या दहा वह्यांच्या समासांत आम्ही पुष्कळ लिहीत असूं. पुढें हात थके, आणि शेवटच्या वह्यांच्या वांट्यास "ठीक", "विस्तार हवा", "कारणें अपुरीं" एवढेच शेरे येत. तेही मुलांच्या हातीं पडत ते दहा-बारा दिवसांनीं. तोंवर लिहितांना आपल्या मनांत काय होतें, हें मुलें पार विसरून गेलेलीं असत. हा दोष आमचा होता, आणि तो प्रारंभींच कबूल केलेला बरा.

निबंध यंत्राकडून तपासून घ्यावे ही कल्पना आजची नव्हे. एलिस पेज नांवाच्या अमेरिकन विद्वानानें ती १९६६ सालींच मांडली होती. त्याचा संगणक निबंधाची लांबी, स्वल्पविरामांची संख्या अशा मोजतां येण्याजोग्या खुणांवरून गुणांचा अंदाज करीत असे. नोव्हेंबर २०२२ मध्यें चॅटजीपीटी सर्वांच्या हातीं आलें, आणि तेव्हांपासून यंत्र मनुष्यासारखें वाक्यांत बोलतें हें घरोघरीं ठाऊक झालें. अशाच प्रकारचें एक साधन आम्हीं गेल्या वर्षीं वर्गांत वापरून पाहिलें. नियम दोनच केले. पहिला मसुदा वहींत, स्वतःच्या हातानें लिहावयाचा. मग तो संगणकांत उतरवून यंत्रास सांगावयाचें कीं, "माझें लिखाण सुधारूं नकोस; कोणतें विधान पुराव्यावांचून आहे, तेवढें विचार."

विषय होता १८७५ सालचे दख्खनचे दंगे. ता. १२ मे १८७५ रोजीं पुणें जिल्ह्यांतील सुपें गांवीं शेतकरी सावकारांच्या दुकानांवर चालून गेले व त्यांनीं हिशेबाच्या वह्या आणि कर्जरोखे जाळले. पाहतां पाहतां ही आग पुणें व नगर जिल्ह्यांतील कित्येक गांवीं पसरली. सरकारनें चौकशी-मंडळ नेमलें. त्याचा अहवाल १८७८ सालीं सादर झाला, आणि १८७९ सालीं दख्खनच्या शेतकऱ्यांच्या संरक्षणार्थ कायदा झाला.

एका मुलानें लिहिलें, "सावकार दुष्ट होते म्हणून दंगे झाले." यंत्रानें विचारलें, "सावकार तर पूर्वींही होते. मग दंगे १८७५ सालींच कां?" मुलगा गोंधळला, पुन्हां पुस्तकाकडे वळला, आणि दोन दिवसांनीं त्याच्या वहींत अमेरिकेंतील यादवी युद्ध अवतरलें! १८६१ ते १८६५ ह्या काळांत तिकडचा कापूस इंग्लंडांत जाईना, म्हणून आपल्याकडील कापसाचा भाव चढला आणि सावकार मागेल त्यास कर्ज देऊं लागले. युद्ध संपलें, भाव पडला, सावकारांनीं हात आंखडला. आणि त्याच सुमारास सारा मात्र वाढला. हा प्रश्न आम्हीही विचारला असता. परंतु साठाव्या वहीवर, रात्रीं अकरा वाजतां, खात्रीनें विचारला नसता. यंत्र थकत नाहीं, हा त्याचा मोठा गुण होय.

दोषही लौकरच दिसले. एका विद्यार्थ्यास यंत्रानें एका ग्रंथाचें नांव सुचविलें. आम्ही सर्वत्र शोधलें, तेव्हां असा ग्रंथ कोणीं लिहिलाच नव्हता असें कळलें. अफाट लिखाण वाचवून घेऊन पुढचा संभाव्य शब्द कोणता, ह्याचा अंदाज करण्यास हें यंत्र शिकविलेलें असतें; त्यामुळें खरें व खऱ्यासारखें ह्यांत त्याची गल्लत होते. दुसऱ्या एकानें नियम मोडून सबंध परिच्छेदच यंत्राकडून लिहवून आणला. भाषा मोठी गोंडस होती. आम्हीं त्यास एवढेंच विचारलें, "बाळ, 'अंतर्विरोध' म्हणजे काय?" बिचारा खालीं पाहूं लागला. आम्हीं त्यास रागें भरलों नाहीं; जुनी वही पुढें केली व तेथूनच पुन्हां लिहावयास सांगितलें.

परंतु ज्या गोष्टीसाठीं हा लेख लिहावयास घेतला ती निराळीच आहे. वर्गांतील एका अबोल मुलीचा निबंध अगदीं निर्दोष होऊन आला. कारणें क्रमानें, प्रत्येकास आधार. पण वाचून कांहीं आठवावें असें त्यांत नव्हतें. सहज तिचा पहिला मसुदा उघडून पाहिला, तों शेवटीं तीन ओळी होत्या : "आमच्या घरीं पेटींत एक मोडी कागद आहे. आजी म्हणते, तो सावकाराचा रोखा आहे. सावकार कर्ज फेडल्यावरही पावती देत नसत." ह्या ओळींवर यंत्राचा शेरा होता, "ही व्यक्तिगत माहिती विषयास सोडून आहे; वगळावी." आणि त्या आज्ञाधारक मुलीनें ती वगळली होती!

आम्हांस मनापासून वाईट वाटलें. इतिहासाचार्य राजवाडे गांवोगांव हिंडून लोकांच्या घरांतील असलेच कागद गोळा करीत. "मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें" ह्या मालेचा पहिला खंड १८९८ सालीं त्यांतूनच निघाला. येथें साधन आपण होऊन वर्गांत आलें होतें, आणि आम्हींच नेमलेल्या तपासनिसानें त्यास दारांतून परत धाडलें होतें. आम्हीं तिला कागद आणावयास सांगितलें.

ती आणण्यापूर्वींच एक शंका घेऊन आली. "सर, रोख्याखालीं शेतकऱ्याची नांगराची निशाणी असे, असें आपण सांगितलें होतें. ह्यावर नांगर नाहीं." मोडी जाणणाऱ्या एका वृद्ध गृहस्थांनीं कागद वाचला, तेव्हां मुलीची शंका खरी ठरली. तो रोखा नव्हताच. कर्ज फिटल्याची सावकारानें दिलेली पावती होती, आणि वर शके १८०६, म्हणजे इसवी सन १८८४-८५ होतें.

मुलगी क्षणभर गप्प राहिली. मग तिनें वही उघडली व "सावकार पावती देत नसत" ह्या आपल्या वाक्यांत "पुष्कळ" हा शब्द घातला. तो एक शब्द घालण्यास तिला कोणी सांगितलें नव्हतें, ना यंत्रानें, ना आम्हीं. मग तिनें विचारलें, "सर, १८७९ च्या कायद्यानें शेतकऱ्यास पावती मागण्याचा हक्क मिळाला होता ना? मग ही पावती कायद्याच्या भयानें दिली, कीं तो सावकार मुळांतच भला होता?" ह्याचें उत्तर आम्हांस देतां आलें नाहीं, आणि तसें आम्हीं तिला सांगितलें.

यंदाही तें यंत्र वर्गांत आहे. त्याचे प्रश्न आम्हांस हवे आहेत. फक्त एक नियम वाढविला आहे : यंत्र जें वगळावयास सांगेल, तें आधीं आम्हांस दाखवावयाचें. पालकांस विनंती एवढीच कीं, मुलांचा निबंध यंत्रापुढें जाण्यापूर्वीं एकदां त्यांच्या तोंडून ऐकावा, आणि घरांत जुनी पेटी असल्यास ती त्यांच्यासमवेत उघडावी. त्या मुलीच्या आजीनें तो कागद आतां नव्या फडक्यांत बांधून ठेविला आहे असें कळतें. इतक्या पिढ्यांनीं तो कां जपला, हें तिला आतां नातीनें वाचून दाखविलें आहे.