दातारांच्या नावापुढची रिकामी जागा

कार्तिकातला शेवटचा सोमवार जवळ आला की बंगळुरातल्या चामराजपेटेतून बसवनगुडीकडे चढत जाणाऱ्या बुल टेंपल रोडच्या दोन्ही कडांना भुईमुगाच्या शेंगांचे ढीग पडू लागतात. नव्या पिकाच्या पहिल्या शेंगा मोठ्या नंदीला वाहायच्या ही आसपासच्या शेतकऱ्यांची जुनी रीत, आणि तिचीच झालेली जत्रा म्हणजे ‘कडलेकाई परिषे’. यंदा जत्रेच्या दिवसांत संध्याकाळी त्या गर्दीतून घरी परतत असताना एका बाईने कढईतल्या तापल्या वाळूत शेंगांची नवी खेप ओतली, आणि भाजत्या टरफलांचा तो किंचित करपट, मातकट वास नाकात शिरताक्षणी मी जागच्या जागी थबकलो. कारण त्या वासाबरोबर बेळगावहून हिंडलग्याकडे जाणारा पहाटेचा रस्ता, त्याच्या कडेचा मैलाचा दगड आणि त्या दगडाशेजारी मातीत मांडी घालून बसलेले माझे मामा, एवढे सगळे एकदम समोर आले.

मामा मामलेदार कचेरीत अव्वल कारकून होते. दिवसभर दफ्तरात मान घालून बसणाऱ्या माणसाने पहाटे पायांना काम द्यावे, असा त्यांचा नेम होता आणि सुटीत आजोळी आलेल्या भाच्यालाही त्यांनी त्या नेमात ओढून घेतले होते. जाताना मी त्यांच्या पुढे असे. परतताना, अंगातला हुरूप ओसरल्यावर, एका पहाटे मी त्या दगडावर बसलो आणि आता उठायचे नाही असे मनाशी ठरवून टाकले. मामा काही बोलले नाहीत. ते शेजारी बसले, सदऱ्याच्या खिशातून कागदाची पुडी काढली, तिच्यात भाजलेले शेंगदाणे आणि गुळाचा खडा होता, आणि ते दोन्ही आम्ही मुकाट्याने खाल्ले.

येत्या जानेवारीतल्या मुंबईच्या मॅरेथॉनसाठी मी जी तयारी चालवली आहे, तिच्यातली सर्वांत लांबची, बत्तीस किलोमीटरची धाव त्याच आठवड्याच्या रविवारी यायची होती आणि तिच्याविषयी माझ्या मनात तिळमात्रही इच्छा नव्हती. थकवा म्हणावा तर पाय निरोगी होते. हवामान म्हणावे तर समुद्रसपाटीपासून नऊशे मीटरांवर वसलेल्या या शहराची त्या दिवसांतली पहाट धावणाऱ्याला वरदानासारखी असते. परंतु आठवडाभर दुसऱ्यांचे ताळेबंद तपासून, आकडा आकड्याला का जुळत नाही याचा निवाडा करून मन असे शुष्क झाले होते की बुटांची नाडी बांधणे हेदेखील कुणीतरी लादलेले सरकारी काम वाटावे. नाडीची दुहेरी गाठ मारून मी दाराच्या पायरीवर कितीतरी वेळ तसाच बसून राहिलो होतो.

चामराजपेट ही १८९२ साली, जुन्या पेठेची दाटी कमी व्हावी म्हणून, आखून वसवलेली वस्ती. चामराजेंद्र वडियारांच्या नावाची, पाच सरळ मुख्य रस्त्यांची आणि त्यांना काटकोनात छेदणाऱ्या आडव्या गल्ल्यांची. या सरळपणाचे मला इतर वेळी अपार कौतुक वाटते, पण ज्या पहाटे इच्छा नसते त्या पहाटे सरळ रस्ता निष्ठुर होतो, कारण तो आपले सगळे अंतर एका दमात दाखवून टाकतो. दिव्यामागून दिवा, अगदी टोकापर्यंत. वळणाच्या रस्त्याला दया असते. कोपऱ्यावर हार विकायला निघालेल्या एका म्हाताऱ्या गृहस्थांनी, डोक्यावरची टोपली सावरत, ‘इष्टु बेग एल्लिगे सार?’ असे नेहमीप्रमाणे विचारले. इतक्या लवकर कुठे, या साध्या प्रश्नाला त्या दिवशी माझ्यापाशी उत्तर नव्हते. मी नुसता हात हलवला आणि त्यांच्यासमोर थांबण्याचा संकोच वाटला म्हणून धावू लागलो. पहिला किलोमीटर मी त्या संकोचाच्या बळावर काढला, हे इथे नमूद केले पाहिजे.

मार्केटच्या बाजूने, किल्ल्याच्या उरल्यासुरल्या दगडी भिंतीवरून जाताना मला नेहमी जासुदांची आठवण होते. १६३८ साली रणदुल्लाखानाच्या फौजेने बंगळूर घेतले, ते विजापूरकरांकडून शहाजीराजांना जहागीर म्हणून मिळाले, आणि त्यांची दुसरी जहागीर होती पुण्याकडे; या दोहोंच्या मधल्या घाटवाटा, नद्या आणि माळ यांवरून जो कागदपत्रांचा व्यवहार चाले, त्यात सांडणीस्वार होते तसे पायी जाणारे जासूद आणि हरकारेही होते. थैलीत खलिता आहे, मुक्काम ठरलेला आहे, हुकूम झालेला आहे. अशा मनुष्याला एखाद्या पहाटे कृष्णेच्या काठी निघावेसे वाटले नसेल, तर त्याने काय केले असेल? खलित्यांत खबर असते, ती आणणाऱ्याचे मन नसते. दफ्तरखान्यांत रुमालांचे ढीग आहेत आणि त्यांतला प्रत्येक कागद कुणाच्या तरी नको म्हणणाऱ्या पोटऱ्यांवरून आलेला असणार, हा विचार मला त्या भिंतीपाशी सोडत नाही.

लालबागेत पोचेपर्यंत उजाडले होते. तिथला तो प्रचंड, उघडा खडक सुमारे तीनशे कोटी वर्षांचा आहे असे भूशास्त्रज्ञ सांगतात. त्याच्या पाठीवर केंपेगौडांचा बुरूज आहे आणि खाली तळ्याच्या बाजूला पांढऱ्या शाल्मलीचा एक महावृक्ष आहे, ज्याच्या खोडाच्या पाखांमध्ये माणूस उभा मावेल. बागेत मी फेऱ्या घालतो, आणि इथेच माझी खरी अडचण सुरू होते. फेरीच्या रस्त्याला प्रत्येक वेळी पश्चिमेचे फाटक लागते आणि त्या फाटकातून घर हाकेच्या अंतरावर आहे. मामांचा रस्ता जाऊन परत येण्याचा होता. तिथे माणूस बसला तरी घर तेवढेच दूर राही, उठण्यावाचून गत्यंतर नसे. ज्यांना आपल्या इच्छेचा भरवसा नाही त्यांनी लांबच्या धावेसाठी फेरीचा रस्ता निवडू नये, हे माझे ठाम मत झाले आहे.

तिसाव्या किलोमीटरच्या आसपास स्नायूंत आणि यकृतात साठलेला ग्लायकोजेन संपत येतो आणि शरीर अक्षरशः जड होते, ही गोष्ट आता सर्वांना ठाऊक आहे. मला ओढून बसवणारी गोष्ट त्याच्या फार अगोदर, विसाव्याच किलोमीटरला आली होती. तेव्हा साठा पुष्कळ होता. २००९ मध्ये सॅम्युएल मार्कोरा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सोळा जणांना नव्वद मिनिटे डोके शिणवणारे काम दिले आणि मग जड सायकल चालवायला लावली. ती माणसे एरवीपेक्षा लवकर थांबली, आणि तरीही त्यांच्या हृदयाच्या किंवा स्नायूंच्या मोजमापांत त्याचे कारण सापडले नाही. शिणलेल्या मनाला तेच श्रम अधिक वाटले, इतकेच. हे वाचल्यापासून माझ्या अनिच्छेकडे मी आदराने पाहू लागलो आहे. आळशी म्हणून तिला हिणवायचे, घोषणा देऊन तिला पळवून लावायचे, हा आजकालचा शिरस्ता मला मनापासून अप्रिय आहे. रस्त्याच्या कडेला उभे राहून ‘वेदना म्हणजे दुबळेपणा’ अशा आशयाचे फलक नाचवणाऱ्यांनी कधी कुणाच्या शेजारी मातीत बसून पाहावे.

मामा बसले होते. ‘ऊठ’ हा शब्द त्यांनी उच्चारला नाही. मुलगे असे बसत नसतात, हेही ते म्हणाले नाहीत. त्यांनी कागदाची पुडी उलटी करून झटकली, तिची बारीक घडी घालून खिशात ठेवली आणि रस्त्याकडे पाहत एवढेच म्हणाले, ‘गूळ संपला की रे. आता घरीच मिळणार बघ.’ मग ते उठून चालू लागले, धावू नव्हे, आणि वीस-पंचवीस पावलांवर गेल्यावरही त्यांनी मागे वळून पाहिले नाही. मी उठलो.

चालता चालता त्या दिवशी त्यांनी मला फडेप्पा चौगुले यांची हकिकत सांगितली. चौगुले आमच्या बेळगावचे. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याच्या मैदानावर १९१९ साली भरलेल्या शर्यतींत अनवाणी धावणारी कुणब्यांची पोरे पाहून सर दोराबजी टाटा विस्मित झाले. जिमखान्याचे अध्यक्ष तेच होते आणि युरोपातल्या शर्यतींच्या वेळा त्यांना ठाऊक होत्या. त्यांनी खटपट केली, पैसा उभा केला, आणि १९२० च्या अँटवर्प ऑलिंपिकला हिंदुस्थानचा जो पहिला संघ गेला त्यात चौगुले होते. त्या वर्षीची मॅरेथॉन ४२.७५ किलोमीटरांची, म्हणजे आजच्यापेक्षा अर्ध्या किलोमीटरहून अधिक लांब होती. फिनलंडच्या हान्नेस कोलेहमाइनेन यांनी ती जिंकली आणि बेळगावचे चौगुले दोन तास पन्नास मिनिटांच्या आसपास एकोणिसावे आले. ‘एकोणिसावे’ हा शब्द मामा असा उच्चारीत की ऐकणाऱ्याला पहिलेपणा त्याच्याहून लहान वाटावा.

त्याच शर्यतीत आपले आणखी एक धावपटू उतरले होते. सदाशिव दातार. मामांनी त्यांचे नाव घेतले नव्हते. मला ते पुष्कळ वर्षांनी एका निकालपत्रात आढळले. चौगुल्यांच्या नावापुढे क्रमांक आहे, वेळ आहे. दातारांच्या नावापुढे दोन्ही नाहीत, कारण त्यांनी शर्यत पूर्ण केली नाही. लांबच्या समुद्रप्रवासाची ती पिढी, परका मुलूख, परके अन्न, अंगवळणी न पडलेली हवा, आणि त्या सगळ्यातून सुरुवातीच्या रेषेपर्यंत गेलेला एक मराठी माणूस. त्याच्याविषयी इतिहासाने ठेवलेला जबाब एवढाच की तो शेवटास गेला नाही. त्या रविवारी विसाव्या किलोमीटरला, शाल्मलीखालच्या कट्ट्यावर टेकलो असताना, माझ्या मनात चौगुले नव्हते, दातार होते. रस्त्याच्या ज्या वळणावर ते थांबले असतील तिथे त्यांच्या शेजारी कुणी बसले असेल का, त्यांच्या भाषेतला एखादा शब्द त्यांच्या कानावर पडला असेल का, याचा विचार करता करता माझे डोळे भरून आले, आणि मला त्याची लाज वाटली नाही.

खिशात जत्रेतल्या मूठभर शेंगा होत्या. त्या सोलून खाल्ल्या, टरफले रुमालात बांधली, आणि उत्साहाची वाट न पाहता चालू लागलो. दोन-तीनशे पावलांनंतर चालण्याचे धावणे कधी झाले ते मी सांगू शकणार नाही. इच्छा मात्र तेव्हाही आलेली नव्हती. ती आली सत्ताविसाव्या किलोमीटरच्या पुढे, अगदी क्षीण, आणि तिच्यावाचूनही तोवर काही अडले नव्हते. बत्तीस पुरे झाले. शेवटचे दोन फारच वाईट गेले.

जिंकणाऱ्यांची चरित्रे आपल्याकडे लिहिली जातात, एकोणिसाव्यांचीही क्वचित आठवण निघते. मधेच थांबलेल्यांची पत्रे मात्र माळ्यावरच्या ट्रंकेत राहतात आणि घर विकले जाताना रद्दीत जातात. बेळगाव, पुणे, सातारा, कोल्हापूर किंवा अगदी इथे बंगळुरातही, वाचक हो, आपल्यापैकी कुणाच्या घरी १९२० च्या त्या अँटवर्पच्या संघातल्या कुणाचे, आणि विशेषतः सदाशिव दातारांचे, एखादे पत्र, छायाचित्र, पासपोर्ट वा जहाजावरची रोजनिशी असेल, तर कृपा करून ती फेकू नका. जवळच्या ग्रंथालयात किंवा इतिहास संशोधक मंडळात नेऊन द्या आणि तिथून पोच घ्या.