साकुराच्या आधी टोकियोत

जपानला जायचं म्हटलं की पहिला प्रश्न येतो, ‘साकुरा बघणार ना?’ चेरीच्या त्या बहरासाठी लोक कितीतरी आधी विमानाची तिकिटं काढून ठेवतात आणि मार्चअखेरीस टोकियोत गर्दी करतात. ज्याला रजा फेब्रुवारीत मिळते, त्याची मात्र सगळे कीव करतात. माझीही झाली. ‘थंडीत जाऊन काय बघणार? नुसते खराटे!’ असं मला निदान चार जणांनी ऐकवलं.

पण फेब्रुवारीतल्या टोकियोत फुलं असतात. त्यांचं नाव उमे. इंग्रजीत त्याला प्लम म्हणतात, म्हणून आपण आलुबुखार समजतो. प्रत्यक्षात हे झाड जर्दाळूच्या अधिक जवळचं, मूळचं चीनचं. एके काळी जपानी दरबारात खरा मान होता तो याच फुलाला. आठव्या शतकातल्या ‘मान्योशू’ या काव्यसंग्रहात उमेवर शंभराहून अधिक कविता आहेत, साकुरावर त्याच्या निम्म्याही नाहीत. 2019 मध्ये नवे सम्राट गादीवर आले तेव्हा नव्या कालखंडाला ‘रेइवा’ हे नाव दिलं गेलं, तेही याच संग्रहातल्या उमेच्या कवितांच्या प्रस्तावनेतून घेतलेलं.

साकुरा आणि उमे यांत नवख्या माणसाची गल्लत होते, पण ओळखणं अवघड नाही. साकुराची फुलं लांब देठांवर झुबक्यानं लोंबतात आणि पाकळीच्या टोकाला खाच असते. उमेचं फूल फांदीलाच चिकटून बसतं, जणू काड्यांवर कुणी एकेक फूल डकवलंय. पाकळी गोल. आणि वास! साकुराला तो जवळजवळ नसतोच. उमेचा वास मोगऱ्यासारखा अंगावर धावून येत नाही. आपण पुढे निघून जातो आणि दोन पावलांनंतर तो मागून येऊन गाठतो.

मी गेले ती 2024 च्या फेब्रुवारीत, दादाकडे. तो निशी-कासाईत राहतो. टोकियोच्या पूर्वेकडच्या या भागात भारतीयांची मोठी वस्ती आहे, डाळ-तांदूळ सगळं मिळतं. त्या घरात तेव्हा आपल्याकडे दहावीच्या घरात असतं तसं वातावरण होतं. भाचा तिसरीत असताना तिथं गेला आणि जपानी शाळेतच वाढला. तिथं सक्तीचं शिक्षण नववीपर्यंत. पुढच्या शाळेसाठी पंधराव्या वर्षी प्रवेशपरीक्षा. सरकारी शाळांची परीक्षा 21 फेब्रुवारीला होती, पाच विषयांची, आणि अर्ज एकाच शाळेला करता येतो. गणितात पोरगं हुशार, पण जपानी भाषेच्या पेपरानं वहिनीची झोप उडाली होती. तिला त्यात काही मदत करता येत नव्हती. हे दुःख परदेशात मुलं वाढवणाऱ्या आयांनाच कळेल.

आदल्याच आठवड्यात बर्फ पडून गेलं होतं. मी एकटीच निघाले ती सम्राटांच्या राजवाड्याच्या पूर्व उद्यानाकडे. निशी-कासाईहून तोझाई मार्गाच्या गाडीनं ताकेबाशीला उतरलं की पाच-दहा मिनिटांची चाल. प्रवेश फुकट, मात्र सोमवार आणि शुक्रवार बंद. आत ‘बाइरिनझाका’ म्हणून एक चढण आहे, म्हणजे उमेच्या बनाचा चढ. एदोचा किल्ला बांधणाऱ्या ओता दोकाननं पंधराव्या शतकात इथं उमे लावल्याचं सांगतात. शहरात अगदी आधी फुलणाऱ्या जागांपैकी ही एक. काळ्या दगडी भिंतीपुढे लाल फूल कसं दिसतं, ते इथं पाहावं.

दुसऱ्या दिवशी वहिनी म्हणाली, “मीही येते. पण मला देवळात जायचंय.”

ते देऊळ म्हणजे युशिमा तेनजिन. सुगावारा नो मिचिझाने हा नवव्या शतकातला मोठा विद्वान, कवी आणि मंत्री. दरबारी कारस्थानात त्याच्यावर खोटा आळ आला आणि 901 मध्ये क्योतोहून दूर दाझाइफूला त्याची रवानगी झाली. दोनच वर्षांत तो तिथं वारला. पुढे राजधानीवर संकटं आली, ती त्याच्या कोपामुळे असं लोक मानू लागले आणि त्याची देव म्हणून पूजा सुरू झाली. आज तो विद्येचा देव आहे. त्याच्या अंगणातलं लाडकं उमेचं झाड त्याच्या ओढीनं एका रात्रीत उडत दाझाइफूला गेलं, अशी कथा आहे. त्यामुळे त्याच्या देवळात उमे असतंच. युशिमात सुमारे 300 झाडं आहेत, बहुतेक पांढरी, आणि 8 फेब्रुवारी ते 8 मार्च तिथं उमेचा उत्सव असतो. भुयारी रेल्वेच्या युशिमा स्थानकापासून देऊळ दोन मिनिटांवर. वर जायला एक सरळ उभा जिना, ‘पुरुषांची चढण’, आणि शेजारी सोपी ‘बायकांची चढण’. वहिनी मुद्दाम उभ्या जिन्यानं चढली.

उत्सव आणि परीक्षा एकाच महिन्यात, त्यामुळे फुलांखाली निम्मी गर्दी गणवेशातल्या मुलांची. नवस लिहिलेल्या लाकडी पाट्या एकावर एक इतक्या टांगलेल्या की मधमाश्यांचं पोळंच वाटावं. वहिनीनं एक पाटी घेतली आणि पेनानं मराठीत लिहायला लागली. भाचा अभ्यासातून तासभर सुटका म्हणून सोबत आला होता, तो लाजून लाल झाला.

“आई, इथल्या देवाला मराठी कुठे येतं?”

“न येऊन कसं चालेल? विद्येचा देव ना तो!”

त्या हजारो जपानी पाट्यांत एक देवनागरी पाटी. मी तिचा फोटो काढला नाही. मनातलं कागदावर उतरवलं की ते खाजगीच असतं, मग ते भर देवळात का टांगलेलं असेना.

पूर्वी परीक्षेत पास झाल्याची तार यायची, तिच्यात मजकूर असे ‘साकुरा फुलला’. नापासाला ‘साकुरा गळला’. मला वाटतं, ही तार येईपर्यंतचे दिवस उमेचे.

परत येताना भाच्याला म्हटलं, उद्या एक तास मला दे. सेतागाया भागातल्या हानेगी बागेत आम्ही दोघंच गेलो. शिंजुकूहून ओदाक्यू मार्गावर ‘उमेगाओका’ स्थानक, म्हणजे उमेची टेकडी. जवळजवळ 650 झाडं, साठेक जाती, ना तिकीट ना दरवाजा. म्हातारी मंडळी डबे उघडून बसलेली, पोरं चेंडू खेळतायत. माझं मत विचाराल तर कुटुंब घेऊन जायला हीच जागा. फुलाफुलांतून हिरवट रंगाचे, डोळ्यांभोवती पांढरी कडी असलेले चिमुकले पक्षी मध चोखत होते. जपानीत मेजिरो. आपल्याकडे याचाच भाऊबंद आहे, त्याला चष्मेवाला म्हणतात, असं मी सांगितलं. भाचा स्वतः जाड भिंगांचा चष्मा लावतो; तो इतका हसला की शेजारच्या आजोबांनी वळून पाहिलं. त्या आठवड्यात मी त्याला हसताना पहिल्यांदाच पाहत होते.

कामेइदोलाही एक फेरी झाली. हिरोशिगेनं 1857 मध्ये छापलेलं आणि व्हॅन गॉगनं 1887 मध्ये रंगवलेलं ते वेडंवाकडं झाड इथल्या एका बागेतलं. 1910 च्या पुरानंतर ती बाग राहिली नाही. जवळच्या कामेइदो तेनजिन देवळातली उमे मात्र आजही फुलते.

मी परतले आणि 1 मार्चला निकाल लागला. यादीत भाच्याचा नंबर नव्हता. हाताशी ठेवलेल्या खाजगी शाळेत आता जावं लागणार, फी कितीतरी जास्त. फोनवर वहिनी रडली नाही. तिनं फीचा हिशेब सांगितला आणि मग विचारलं, “त्या पाट्यांचं पुढे काय करतात गं?” देवळातच विधिपूर्वक जाळतात, असं मी सांगितलं. “बरं,” एवढंच म्हणाली.

पुढच्या रविवारी दादा त्याला ओमेला घेऊन गेला. टोकियोचाच हा डोंगराळ पश्चिम भाग, गाडीनं दीड तास, हिनातावादा स्थानकावर उतरायचं. तिथं बहर उशिरा, मार्चमध्ये असतो. या गावाची उमे देशभर प्रसिद्ध होती, पण 2009 मध्ये झाडांना विषाणूचा रोग लागल्याचं आढळलं आणि 2014 मध्ये तिथल्या उमे उद्यानातली सुमारे 1,700 झाडं सरसकट तोडावी लागली. 2016 पासून पुन्हा लागवड सुरू झाली.

दादानं फोटो पाठवला. टेकडीवर काठ्यांचा आधार दिलेली झाडं आणि त्यांतल्या एकाशेजारी भाचा, हात खिशात घालून. झाड त्याच्यापेक्षा हातभर उंच असेल. खाली त्यानं स्वतः मराठीत टाइप केलं होतं, ‘आत्या, इथं चष्मेवाले खूप आहेत.’