ईस्टरच्या टोपल्या आणि माडाचा हिशेब

आजची नोंद भाजीची नाही, टोपलीची आहे. पण ती शेतातलीच आहे.

यंदा ईस्टर 5 एप्रिलला होता. पंधरा दिवस आधी आमच्या गोराईतली यूथची पोरं घरी आली. "अंकल, लहान मुलांना ईस्टर बास्केट द्यायच्यात. चाळीस हव्यात. झावळ्या तुमच्याकडच्या, आणि तुम्ही विणून पण द्याल का?" खाडीपलीकडे बोरिवलीला तयार टोपल्या मिळतात. आत प्लास्टिकचं हिरवं गवत, वर चमकीचा कागद. या वेळी घरच्याच करू, असं पोरांचं ठरलेलं. विचार चांगला होता. पण कोणी झावळी म्हटलं की मला आधी माड दिसतो.

ज्यांच्याकडे माड नाहीत त्यांच्यासाठी सांगतो. माडाला वर्षाला साधारण बारा नव्या झावळ्या येतात आणि एकेका झावळीच्या बगलेत एकेक पोय येते, तिचाच पुढे घड होतो. हिरवी झावळी तोडली म्हणजे घडाचं जेवण तोडलं. दुसरं त्याहून वाईट. ताज्या जखमेच्या वासावर लाल सोंड्या भुंगा येतो. मादी तिथे अंडी घालते, अळी खोडात शिरून आतून पोखरते. शेंडा कलला की आपल्याला कळतं, तोवर माड गेलेला असतो. दोन वर्षांपूर्वी शेजारच्या वाडीत सजावटवाल्यांनी मांडवासाठी झावळ्या अगदी खोडाला लागून छाटल्या. वर्षाच्या आत तीन माड बसले. पन्नास वर्षांची झाडं, एका दिवसाच्या मांडवापायी.

म्हणून माझा नियम असा. खालच्या फेरीतली, जिचा घड उतरवून झालाय तीच झावळी घ्यायची. एका माडाची एकच. खोडापासून चार फूट देठ ठेवून कापायची. शेंड्याच्या कोवळ्या पिवळ्या पातीला हात लावायचा नाही. एका पोराने विचारलं, झावळ्यांच्या रविवारी मिळालेली झावळी वापरली तर? ती आशीर्वादाची. ती घरात जपून ठेवतात आणि पुढच्या राखेच्या बुधवारी तिचीच राख होते. तिची टोपली करायची नाही.

झावळ्या देतो म्हटलं, पण विणून देणार नाही. ज्याला टोपली हवी त्या मुलाने स्वतः विणायची. आमच्या पाखाडीत हे विणकाम आता दोघांनाच येतं, मला आणि माझ्या मावशीला. मावशी 78 वर्षांची आहे, हात थरथरतो. तिच्या तरुणपणी बायका भाजीचे हारे डोक्यावर घेऊन तरीने पलीकडे जायच्या. हारा बांबूचा, बुरडाकडचा. अंडी, फुलं, ताडगोळे अशा हलक्या मालाला मात्र झावळीची टोपली, ती घरीच व्हायची. मग क्रेट आले, पिशव्या आल्या आणि टोपलीची गरज संपली. गरज संपली की हात विसरतो. मावशीनंतर मी एकटा उरेन. चाळीस टोपल्या आम्ही दोघांनी वळून दिल्या असत्या, तर मुलांना टोपल्या मिळाल्या असत्या, पण विणणारे दोनच राहिले असते.

गुरुवारी दुपारी मुलं अंगणात बसली. चाळीसपैकी सतराच आली. बाकीच्यांचे कोणाचे क्लास, कोणाला कंटाळा.

कृती लिहून ठेवतो. झावळीचा मधला दांडा उभा चिरायचा. पाती एकाच बाजूला राहतील असे दोन भाग होतात. त्यातला दीड फुटाचा तुकडा घ्यायचा, त्याला अठरा-वीस पाती येतात. पातींची संख्या जोडीची ठेवायची. दांडा आतून तासून पातळ करायचा, गोल वाकवायचा, टोकं काथ्याने बांधायची. हा झाला काठ. आता एक पात उजवीकडे, पुढची डावीकडे अशी तिरकी घेऊन एक वर एक खाली विणत जायचं. वीतभर झालं की उरलेल्या पातींची तळाशी वेणी घालून गाठ मारायची. तोडल्यावर झावळी अर्धा दिवस सावलीत सुकू द्यायची. अगदी ओली विणली तर वाळल्यावर आकसते आणि टोपली ढिली पडते. शेंडा आणि बुंधा सोडून एका झावळीत सात-आठ टोपल्या बसतात. आमच्या तीन झावळ्या लागल्या, तीन माडांच्या.

सजावट शनिवारी. आत प्लास्टिकच्या गवताऐवजी गेल्या हंगामातला भाताचा पेंढा. काठाला मोगरा, अबोली, बोगनवेल. एक मुलगी कण्हेर घेऊन आली होती, ती बाजूला काढली. कण्हेर विषारी, खायच्या वस्तूजवळ नकोच. गावठी अंडी कांद्याच्या सालीच्या पाण्यात चमचाभर व्हिनेगर घालून उकडली की विटकरी रंग धरतात. हळदीत पिवळी होतात. आमच्याकडच्या मार्झिपॅनच्या अंड्यांशेजारी तीही शोभून दिसतात. उन्हाळा आहे, त्यामुळे उकडलेलं अंडं त्याच दिवशी संपवायचं. आम्ही पहाटे उकडली, मिस्सा झाल्यावर मुलांनी खाल्ली.

टोपलीत अंडंच का, हे मुलांनी विचारलंच. पूर्वी युरोपात उपवासाच्या 40 दिवसांत अंडीही वर्ज्य असायची. कोंबड्या काही उपवास धरत नाहीत, त्या घालतच राहतात. सणापर्यंत घरात अंड्यांचा ढीग साचायचा. पोलंडमध्ये आजही ईस्टरच्या आदल्या शनिवारी लोक अंडी, पाव, मीठ टोपलीत घालून चर्चमध्ये आशीर्वादाला नेतात. म्हणजे मुळात ही घरातल्या, शेतातल्या मालाचीच टोपली. म्हणून मी प्रत्येकीत दोन चिकू आणि एक कैरी घातली. चॉकलेट कोणी घातलं तर माझी ना नाही.

न आलेल्या तेवीस मुलांना यूथने कागदी पिशव्या दिल्या. त्यातल्या दोघांनी माझ्याकडे येऊन टोपली मागितली. झावळी आहे, या, बसा, म्हटलं. एक जण आला. आता अठरा झाले.

टोपल्या आता वाळून पेंढ्याच्या रंगाच्या झाल्यात. मुलं काय ठेवतात त्यात, पेन्सिली, गोट्या, माहीत नाही. मावशीने केलेली नमुन्याची टोपली मी पेंढ्यासकट खुराड्यात ठेवली. तिसऱ्या दिवसापासून तांबडी कोंबडी त्यातच बसते. काल सकाळी त्यात दोन अंडी होती.