आतला गंज

अहमदपूर, मंगळवार.
उसाच्या हंगामाआधी एक जुना बी-२७५ ट्रॅक्टर पत्राकामाला आला. इंटरनॅशनल हार्वेस्टरच्या सहकार्यानं १९६३ साली महिंद्रानं सुरू केलेल्या कंपनीचं हे वाण. इंजिन ठणठणीत, मडगार्ड मात्र कुजलेलं. मालक म्हणाले, "मिस्त्री, वरून लांबी मारा अन् द्या रंग. हंगाम तोंडावर आलाय."

ऐकलं नाही. आपली काळी माती मडगार्डच्या आत चिकटून ओल धरते, गंज तिथूनच खात येतो. वरची लांबी पहिल्याच खेपांत गळणार. पण टायर आणि पत्र्यामध्ये मूठ शिरेना. चाक काढावं तर त्यात पाणी भरलेलं, एकट्यानं हलायचं नाही. शेवटी वाकवलेली सळई आत सरकवली, बाहेरून डॉली टेकवली अन् पोचा कडेकडून उठवत आणला. मधोमध ठोकलं की पत्रा फुगतो.

ठिगळाआधी बॅटरीची वायर सोडली, डिझेलची टाकी उतरवली. सलग वेल्डिंगनं पातळ पत्रा वाकडा होतो. म्हणून एक टाका इथं, दुसरा लांब तिथं. आतून रेड ऑक्साइडचे दोन हात. (बिलात हे काम कुणाला दिसत नाही!)

नांदेड-लातूरकडं जुना ट्रॅक्टर घेणार असाल, तर रंगावर जाऊ नका. मडगार्डच्या आतून हात फिरवून बघा.